कोसोलाचा निरोप

१८६० सालचा जुलै महिना. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, मोबील शहराच्या वरच्या अंगाला नदीचे अनेक फाटे दलदलीतून वाहतात. त्यातल्या एका फाट्यात रात्रीच्या अंधारात एक शिडाचं जहाज पेटवून बुडवण्यात आलं. क्लोटिल्डा हे त्याचं नाव. ते पेटवणारा विल्यम फॉस्टर हाच त्याचा कप्तान होता आणि पाच वर्षांपूर्वी ते बांधलंही त्यानेच होतं. स्वतःच्या हाताने बांधलेलं जहाज त्याने जाळलं, कारण त्या जहाजाने नुकताच एक गुन्हा केला होता आणि जहाज मागे राहिलं असतं तर गुन्हा सिद्ध झाला असता.

आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. १८२० च्या कायद्याने तर हा गुन्हा चाचेगिरीत धरला गेला आणि त्याला फाशीची शिक्षा होती. तरीही टिमथी मीहर नावाच्या मोबीलच्या धनाढ्य जहाजमालकाने, एका पैजेपोटी असं सांगतात, फॉस्टरला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धाडलं. ४ मार्चला जहाज निघालं आणि १५ मेला वीदा बंदरात पोहोचलं. हे बंदर आज बेनिन देशात आहे. तिथे दाहोमी राज्याने शेजारच्या मुलखांवर धाडी घालून पकडलेली माणसं विकायला ठेवलेली होती. सोनं मोजून सव्वाशे जणांचा सौदा ठरला. पण बंदरात गस्तीची जहाजं दिसू लागली तेव्हा फॉस्टर घाईने निघाला आणि ११० जणांना घेऊन परतीला लागला.

क्लोटिल्डाची लांबी ८६ फूट आणि रुंदी २३ फूट. दोन एसटी गाड्या मागेपुढे उभ्या केल्या, तर त्याहून थोडीच लांब. ही जागा लाकडाचे ओंडके आणि किराणा वाहण्यासाठी बांधलेली. तिच्या पोटातल्या काळोखात ११० माणसं सुमारे दीड महिना होती. त्यांना पहिल्यांदा वर, उजेडात आणलं ते तेरा दिवसांनी. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या अंधारात दिवस मोजणारा एक तरुण पुढे पंच्याहत्तर वर्षं जगला आणि ऐकायला तयार असलेल्या प्रत्येकाला त्याने तो सांगितला.

मीहर आणि फॉस्टर यांचा अंदाज इथेच चुकला. जहाज हा गुन्ह्याचा एकच पुरावा आहे, तो जळला की गोष्ट संपली, असं त्यांनी धरलं होतं. त्यांच्यावर खटले झाले, पण पुराव्याअभावी बारगळले, आणि लगेच यादवी युद्ध पेटलं. मीहरला कधीही शिक्षा झाली नाही. पण त्या रात्री जहाजातून उतरवून वेळूच्या दाट रानात लपवलेली माणसं जिवंत होती. त्यांना स्वतःची नावं, आईवडिलांची नावं, गावाच्या वाटा, सारं आठवत होतं. अमेरिकेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांचा इतिहास मागे शोधत गेलं की एका भिंतीशी येऊन थांबतो. अठराव्या शतकात कधीतरी कोणीतरी आलं, कुठून ते माहीत नाही. या ११० जणांच्या बाबतीत आपल्याला जहाजाचं नाव माहीत आहे, कप्तानाचं माहीत आहे, निघाल्याची तारीख माहीत आहे आणि काही जणांच्या आजोबांच्या गोष्टीसुद्धा माहीत आहेत. हे कसं शक्य झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं. याचं उत्तर त्या माणसांनी उभ्या केलेल्या गावात आहे.

गुलामीत त्यांची पाच वर्षं गेली. १२ एप्रिल १८६५ ला उत्तरेचं सैन्य मोबीलमध्ये आलं. हा दिवस कसा उजाडला, तेही त्या तरुणाने सांगून ठेवलं आहे. तो तेव्हा मीहर बंधूंच्या आगबोटीवर काम करत होता. काठावर तुतीचं झाड होतं. सैनिक तुती तोडून खात होते. त्यांचं लक्ष बोटीवरच्या माणसांकडे गेलं आणि त्यांनी सांगितलं की तुम्ही आता कोणाचे नाही, मोकळे आहात. आम्ही जायचं कुठे, असं यांनी विचारलं. वाटेल तिथे जा, असं उत्तर आलं. ते खोटं नव्हतं, पण त्याचा उपयोगही नव्हता.

त्यांना घरी, आफ्रिकेत जायचं होतं. त्यासाठी त्यांनी पैसे साठवायला सुरुवात केली. पुरुष लाकूड कापायच्या गिरणीत आणि बंदुकीच्या दारूच्या कारखान्यात दिवसाला डॉलरभर मजुरीवर राबायचे. बायका परसात भाज्या पिकवून टोपल्या भरभरून शहरात विकायला न्यायच्या. काकवी आणि भाकरीवर दिवस काढले. तरी समुद्रापारच्या प्रवासाचा खर्च हिशेबात बसेना. तेव्हा त्यांनी ठरवलं की परत जाता येत नसेल, तर इथेच आपलं गाव वसवायचं. जमीन मागायला त्यांनी त्याच तरुणाला पाठवलं. एक दिवस तो झाड तोडत होता आणि टिमथी मीहर येऊन त्याच झाडाच्या बुंध्यावर बसला. तरुणाने शब्द काढला. तुम्ही आम्हाला आमच्या मुलखातून आणलंत, आमच्याकडून पाच वर्षं फुकट काम करून घेतलंत, आता आम्हाला राहायला थोडी जमीन द्या. मीहर उसळला. गुलामांची मी चांगली काळजी घेतली, मग मी त्यांचं काय देणं लागतो, असा त्याचा सवाल होता.

मग त्यांनी जमीन विकत घेतली. पै पै जमवून, रीतसर खरेदीखत करून. १८७० मध्ये त्यांच्यातल्या एका गटाने सात एकर घेतले. तो वाडा आजही लुईस क्वार्टर्स म्हणून ओळखला जातो आणि चार्ली लुईस या मूळ रहिवाशाचे वंशज तिथे अजून राहतात. १८७२ मध्ये आपल्या कहाणीतल्या तरुणाने शंभर डॉलर मोजून सुमारे दोन एकर घेतले, आणि ते खुद्द मीहरकडून. ज्याने त्याला विकत आणलं, त्याच्याकडूनच त्याने जमीन विकत घेतली. ही खतं मोबीलच्या दप्तरात नोंदली गेली. गावाच्या इतिहासाचे पहिले कागद हेच, आणि ते गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने निर्माण केले.

या वस्तीला आधी आफ्रिकन टाउन आणि पुढे आफ्रिकाटाउन म्हणू लागले. इतरांनी हिणवण्यासाठी त्यांना ‘आफ्रिकन’ म्हणायला सुरुवात केली होती, पण यांनी ते नाव आपलंसं केलं. वस्तीचे आपले नियम होते आणि तंटे सोडवायला न्यायनिवाडा करणारे दोघे नेमले होते. चोरी नको, दारू पिऊन दंगा नको, एकमेकांना दुखवायचं नाही. चूक झाली की दोघे समजावून सांगत. गावाचा मुखिया म्हणून त्यांनी गुंपा नावाच्या माणसाला निवडलं.

गुंपापाशी थोडं थांबायला हवं. तो दाहोमीचा होता, तेही तिथल्या सरदार घराण्यातला. वीदा बंदरात सौदा झाल्यावर दाहोमीच्या राजपुत्राने फॉस्टरला एक माणूस भेट म्हणून निवडायला सांगितलं आणि फॉस्टरने गुंपाला निवडलं. बाकीच्या बंदिवानांच्या गावांवर धाड घातली ती दाहोमीने. त्यांची घरं जाळली, म्हातारी माणसं मारली, कापलेली मुंडकी भाल्यांवर मिरवत नेली. आणि त्याच दाहोमीचा एक माणूस त्यांच्याबरोबर जहाजात कोंडला गेला होता. पाच वर्षांनी, मोकळे झाल्यावर, त्यांनी त्यालाच मुखिया केलं. इतक्या मोठ्या दुःखानंतर सूडाला फाटा देऊन माणसाची पारख करणं हे मला त्या गावाच्या घटनेचं पहिलं कलम वाटतं. गुंपाला इथे आफ्रिकन पीटर म्हणत. त्याचे वंशजही याच भागात वाढले.

१८७२ मध्ये त्यांनी स्वतःचं चर्च बांधलं. आजचं युनियन मिशनरी बॅप्टिस्ट चर्च तेच. इतर चर्चमध्ये त्यांच्या बोलीची आणि चेहऱ्यांवरच्या जातिखुणांची टिंगल व्हायची. म्हणून चर्च स्वतःचं. दफनभूमीही स्वतःची, १८७६ पासून. स्थानिक लोक सांगतात की तिथल्या जुन्या कबरी पूर्वेकडे, आफ्रिकेच्या दिशेला तोंड करून आहेत. शाळाही सुरू झाली आणि तीच पुढे मोबील काउंटी ट्रेनिंग स्कूल झाली. मुलांना दोन दोन नावं ठेवली. एक घरातलं, एक बाहेर चालणारं. घराघरांत आफ्रिकी भाषा बोलली जायची. म्हणजे एखाद्या संग्रहालयाने जी कामं करायची, नाव जपायचं, भाषा जपायची, मेलेल्यांची जागा जपायची, ती सारी या गावाने पहिल्या दिवसापासून अंगावर घेतली.

आता त्या तरुणाचं नाव सांगायला हवं. ओलुआले कोसोला. अमेरिकेत तो कजो लुईस म्हणून ओळखला जायचा. पकडला गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचं लग्न जहाजातूनच आलेल्या आबिले नावाच्या मुलीशी झालं, इथे तिला सीलिया म्हणत. त्यांना पाच मुलगे आणि एक मुलगी झाली आणि सहाही जणांना त्याने गमावलं. एका मुलाला पोलिसाने गोळी घातली. १९०२ मध्ये आगगाडीच्या धडकेने कोसोला जबर जखमी झाला. त्याने रेल्वे कंपनीविरुद्ध दावा लावला आणि ज्यूरीने त्याला ६५० डॉलर मंजूर केले. पण अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला आणि पैसे हाती आले नाहीत. अंगमेहनत होईना म्हणून गावाने त्याला चर्चची देखभाल करायचं आणि घंटा वाजवायचं काम दिलं. १९०८ मध्ये सीलिया गेली. त्यानंतरही तो सत्तावीस वर्षं जगला. घर चर्चजवळच होतं, आणि जो कोणी फाटकापाशी येऊन विचारेल, त्याला तो आपली गोष्ट सांगायचा.

येणाऱ्यांत एमा लँग्डन रोश ही मोबीलची चित्रकार आणि लेखिका होती. तिने हयात असलेल्या आफ्रिकनांशी बोलून, त्यांची चित्रं काढून आणि छायाचित्रं घेऊन १९१४ मध्ये एक पुस्तक केलं. त्यात कोसोलाने काढलेला एक नकाशा आहे. त्याचं गाव कुठे, दाहोमीचं सैन्य रानातून चोरपावलांनी कसं आलं, त्यांना समुद्राकडे कसं नेलं, हे त्याने रेघांनी दाखवलं आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी, हात बांधलेल्या अवस्थेत, एकदाच चाललेली वाट त्याने डोक्यात जशीच्या तशी ठेवली होती. मी या नकाशाचा विचार करतो तेव्हा वाटतं की तो माणूस मनातल्या मनात ती वाट रोज उलट्या दिशेने चालत असला पाहिजे.

मग १९२७ मध्ये झोरा नील हर्स्टन आली. ती तेव्हा मानववंशशास्त्र शिकत होती. पुढे विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या थोर कादंबरीकारांत तिची गणना झाली. तिच्या पहिल्या भेटीचं फळ मात्र चांगलं नव्हतं. त्यावर तिने जो लेख छापला, त्यातला बराच मजकूर रोशच्या पुस्तकातून उचललेला होता आणि ही गोष्ट कित्येक दशकांनी उघडकीस आली. पण ती थांबली नाही. पुन्हा आली आणि या वेळी ऐकायला बसली. येताना पीच, कलिंगड असं काही ना काही घेऊन यायची. पहिल्याच वेळी तिने त्याला फाटकातून ‘कोसोला’ अशी हाक मारली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण समुद्रापलीकडचं त्याचं नाव घेऊन हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

ती रोज यायची, पण तो रोज बोलायचा नाही. कधी बागेत काम असायचं, कधी चर्च झाडायचं असायचं, कधी बोलायची इच्छाच नसायची. त्या दिवशी दोघं शेजारी बसून नुसती फळं खायची. बोलायला लागला की आधी आजोबांची गोष्ट. ती म्हणायची, तुमचं सांगा. पण बापाच्या आधी मुलाची गोष्ट कशी सांगणार, आणि आजोबांच्या आधी बापाची? आजोबांकडे जनावरं किती होती, राजापुढे त्यांचा मान कसा होता, त्यांना पुरलं कसं, हे सगळं व्हायचं आणि मग तो स्वतःपाशी यायचा. हर्स्टनने हा क्रम मोडला नाही. तिने त्याचा फोटो घ्यायचं ठरवलं तेव्हा तो घरात जाऊन सर्वांत चांगला सूट घालून आला आणि पायातले जोडे काढून ठेवले. मला आफ्रिकेत असल्यासारखं दिसायचं आहे, कारण मला तिथेच असायचं आहे, असं तो म्हणाला. ते अनवाणी छायाचित्र आज जगभर छापलं जातं. हर्स्टनने त्याचं थोडं चलच्चित्रणही केलं आणि तेही जपलेलं आहे.

तो हे सगळं तिला का सांगत होता, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे आणि ते वाचताना श्वास अडकतो. तू हे लिहून जिथे जिथे जाशील तिथे सांग, असं तो तिला म्हणाला. कदाचित एखाद्या दिवशी ते आफ्रिकेत पोहोचेल, माझं नाव कोणी वाचेल आणि म्हणेल की हो, या कोसोलाला मी ओळखतो. तिच्यासाठी ती संशोधनाची मुलाखत होती, त्याच्यासाठी मात्र घरी पाठवायचा निरोप होता. साठ-सत्तर वर्षं प्रत्येक पाहुण्यापुढे तो आपलं नाव, गाव, आजोबा, वाट परत परत उभी करत होता, कारण यातला कोणता पाहुणा निरोप पोचवेल हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

हर्स्टनने १९३१ मध्ये पुस्तक पूर्ण केलं, ‘बॅराकून’. किनाऱ्यावर बंदिवानांना कोंडायच्या कोठडीला बॅराकून म्हणत. तिने कोसोलाचं बोलणं तो बोलला तसंच लिहिलं होतं, त्याच्या मोडक्यातोडक्या, त्याने स्वतः घडवलेल्या इंग्रजीत. प्रकाशकाला रस होता, पण ते प्रमाण भाषेत आणून द्या, अशी अट होती. हर्स्टनने नकार दिला. त्याचं बोलणं बदललं असतं तर निरोप त्याचा राहिला नसता. पुस्तक पडून राहिलं. १९३५ मध्ये कोसोला गेला. १९६० मध्ये हर्स्टनही गरिबीत गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर या लेखिकेने रानगवतात शिरून ती जागा शोधली आणि दगड बसवला. ‘बॅराकून’चं टंकलिखित वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या संग्रहात सुरक्षित होतं. २०१८ मध्ये ते जसंच्या तसं छापून आलं आणि त्याची प्रस्तावना अ‍ॅलिस वॉकरने लिहिली. सत्याऐंशी वर्षांनी.

या काळात गावाचं काय झालं, ते वाचून मन खिन्न होतं. १९२० च्या दशकाअखेर काठावर कागदाची प्रचंड गिरणी आली. रोजगार मिळाला, वस्ती वाढली आणि एके काळी इथे सुमारे बारा हजार माणसं राहत होती. या मातीतून क्लिऑन जोन्स हा बेसबॉलपटू निघाला. १९६९ च्या वर्ल्ड सिरीजमधला निर्णायक शेवटचा झेल त्याचाच. निवृत्तीनंतर तो गावात परतला आणि शेजाऱ्यांची पडकी घरं दुरुस्त करायच्या कामाला लागला. पण गिरण्यांबरोबर राख आली, घाण वास आला आणि शेवटी गिरण्या बंद पडल्यावर बेकारी आली. रस्ता रुंद करून महामार्ग केला तेव्हा गावाचा बाजार आणि कित्येक घरं त्याखाली गेली. १९९१ मध्ये झालेल्या पुलाच्या नावात आफ्रिकाटाउन आहे, पण रस्त्याने गाव मधोमध कापलं. आज इथे दोनेक हजार माणसं उरली आहेत. मीहर घराण्याची या परिसरात मोठी जमीन आहे, आणि जवळच्या राज्य उद्यानाला त्यांचंच नाव आहे.

त्यातच मोबीलमध्ये हे सगळं दंतकथेत काढायची रीत पडली. कसलं जहाज आणि कसले शेवटचे गुलाम! जळालेलं जहाज दिसलं आहे कोणाला? गावात मात्र हेन्री विल्यम्ससारखी माणसं होती. वेल्डिंगचं काम करणारा हा गृहस्थ गावाची माहिती गोळा करत राहिला आणि या जागेचं रक्षण करा म्हणून वर्षानुवर्षं सरकारी दारं ठोठावत राहिला. इतिहासकार सिल्व्हियान दियूफ यांनी कागद आणि तोंडी आठवणी एकमेकांशी पडताळून २००७ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिला. २०१२ मध्ये या वस्तीची नोंद देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. जहाज मात्र सापडत नव्हतं.

बेन रेन्स या पत्रकाराने २०१८ च्या जानेवारीत ओहोटीला चिखलातून वर आलेला एक सांगाडा शोधला आणि बातमी जगभर गेली. तपासाअंती तो दुसऱ्याच जहाजाचा निघाला. रेन्सने शोध चालू ठेवला. ट्वेल्व्हमाइल बेटाजवळ, जिथे जहाज जाळल्याचं फॉस्टरने स्वतः १८९० मध्ये लिहून ठेवलं होतं आणि गावातही सांगितलं जायचं, त्याच भागात काही महिन्यांनी त्याला दुसरा सांगाडा मिळाला.

एका लाकडी सांगाड्याचं नाव कसं ओळखायचं? त्यावर पाटी नव्हती, घंटा नव्हती. सागरी पुरातत्त्वज्ञांनी फॉस्टरच्या जहाजाचा नोंदणीचा दाखला काढला. त्यात लांबी, रुंदी, खोली आणि टनभार बारकाईने लिहिलेला होता. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, म्हणून चाचपून मापं घेतली. फासळ्यांना पांढऱ्या ओकचं लाकूड आणि वरच्या फळ्यांना दक्षिणेतलं पिवळं पाइन निघालं, म्हणजे फॉस्टरच्या काळात या किनाऱ्यावर बांधत तसंच. खिळे लोखंडी होते, आणि लाकडावर जळल्याच्या खुणा. मग या किनाऱ्यावर त्या काळी नोंदलेल्या जहाजांची दप्तरं चाळली, आणि हे सारं एकत्र जुळणारं नाव एकच उरलं. २२ मे २०१९ ला अलाबामाच्या इतिहास आयोगाने जाहीर केलं की हीच क्लोटिल्डा. आजवर सापडलेल्या गुलामवाहू जहाजांत सर्वांत अभंग राहिलेलं जहाज हेच आहे. फॉस्टरने लावलेली आग सगळं संपवू शकली नाही. चिखलाने सांगाड्याचा मोठा भाग, आणि माणसं कोंडली होती ती जागासुद्धा, दीडशे वर्षं आत घट्ट धरून ठेवली होती.

वंशजांसाठी ही बातमी नवी नव्हती. आजीने सांगितलं होतं तिथेच जहाज होतं. नवीन एवढंच होतं की आता बाकीच्यांनाही मान्य करावं लागलं. ८ जुलै २०२३ ला, ११० जण आल्याच्या वर्धापनदिनी, गावात आफ्रिकाटाउन हेरिटेज हाउस उघडलं. तिथे जहाजाचे काही तुकडे पाण्याने भरलेल्या टाक्यांत ठेवले आहेत. इतकी वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड हवेत आलं की वाळून तडकतं, म्हणून त्याला पाण्यातच ठेवावं लागतं. अख्खं जहाज वर काढायचं की नदीतच राहू द्यायचं यावर बराच खल झाला आहे. काढलं तर ते मोडण्याचा धोका आहे आणि तज्ज्ञांचा कल ते जागीच सांभाळण्याकडे आहे. ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावं, असं काही वंशजांना वाटतं. तर काहींना ती जागा कबरीसारखी वाटते. मला दोन्ही बाजू पटतात, आणि निर्णयात त्यांचा शब्द शेवटचा असावा असं वाटतं.

पण ११० जण सगळेच या गावात आले नव्हते. जहाज जाळल्यानंतर बऱ्याच जणांना नदीच्या वरच्या भागातल्या मळेवाल्यांना विकलं गेलं आणि त्यांची एकमेकांपासून कायमची ताटातूट झाली. त्यांच्याजवळ गाव नव्हतं, म्हणून त्यांचा माग फार उशिरा लागला. इंग्लंडमधल्या संशोधक हॅना डर्किन यांनी तो काढला. हर्स्टनने १९२८ मध्ये लँग्स्टन ह्यूज या कवीला लिहिलेल्या पत्रात एका दुसऱ्या वाचलेल्या स्त्रीचा उल्लेख होता. कोसोलापेक्षाही छान बोलणारी, पण तिच्याबद्दल आपल्या दोघांखेरीज कोणाला कळायचं नाही, असं तिने लिहिलं होतं. हा धागा, एका नागरी हक्क कार्यकर्तीच्या आत्मचरित्रातली काही पानं आणि शेतीखात्याच्या १९३८ सालच्या एका माहितीपटातली काही क्षणांची दृश्यं जुळवून डर्किन यांनी २०१९ मध्ये त्या स्त्रीला नाव दिलं. रेदोशी. जहाजात होती तेव्हा बारा वर्षांची. १९३७ मध्ये वारली. म्हणजे कोसोला हा शेवटचा नव्हता.

वर्षभरातच डर्किन यांना आणखी एक नाव मिळालं. मटिल्डा मॅक्रिअर. ती आईबरोबर आणि बहिणींबरोबर आली तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या दोन बहिणी दुसऱ्या मालकाला विकल्या गेल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत. १९३१ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ती आपल्या घरापासून सुमारे पंधरा मैल चालत सेल्मा गावातल्या कोर्टात गेली. आम्हाला बेकायदा आणलं गेलं, त्याची भरपाई मला द्या, अशी तिची मागणी होती. ती फेटाळली गेली. पण सेल्माच्या स्थानिक वर्तमानपत्राने तिची मुलाखत छापली. त्या कात्रणाच्या आधारे डर्किन यांनी तिची गोष्ट जोडली. ती जानेवारी १९४० मध्ये वारली. तिच्या नातवंडांना आजी कुठून आली होती, हे तोवर नीट माहीत नव्हतं.

आता शोध आहे तो उरलेल्यांचा. १८७० च्या जनगणनेत पूर्वीच्या गुलामांची नावं पहिल्यांदाच नोंदली गेली. प्रत्येक नावापुढे जन्मस्थळाचा रकाना आहे. अलाबामाच्या नदीकाठच्या जिल्ह्यांच्या याद्यांत बहुतेक ठिकाणी व्हर्जिनिया, जॉर्जिया, कॅरोलायना असं लिहिलेलं असतं, आणि मध्येच कुठेतरी, मालकाचंच आडनाव लावलेल्या एखाद्या बाईपुढे, गणना करणाऱ्याने ‘आफ्रिका’ असं लिहिलेलं असतं. वंशज आणि संशोधक या याद्या पानापानाने वाचत आहेत.